मुलीचा सहदायिकी हक्क: विद्यापीठ ग्रंथालयातून विधी-संशोधनाची वाट आखताना केलेल्या प्रकल्प नोंदी

२ जून २०२५

एल्‌एल्‌. एम.च्या विद्यार्थ्यांसाठी शोधमार्गदर्शिका तयार करायची आहे. 'ग्रंथालयात काय काय आहे' अशी यादी करायची नाही, तशी यादी कोणी वाचत नाही. एकच प्रश्न घ्यायचा, तो पहिल्या पुस्तकापासून शेवटच्या निवाड्यापर्यंत तडीस न्यायचा आणि वाटेत लागलेले प्रत्येक दार व प्रत्येक खड्डा लिहून ठेवायचा.

चाचणी प्रश्न असा ठरला: महाराष्ट्रातले एकत्र हिंदू कुटुंब, शेतजमीन वडिलोपार्जित. मुलीचे लग्न १९९२ मध्ये झाले. १९९९ मध्ये वडील आणि दोन मुलगे यांनी तोंडी वाटणी केली, फेरफार मात्र झाला नाही. वडील २००१ मध्ये वारले. मुलीला सहदायिक म्हणून, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मानेच वाटा असलेली म्हणून, हिस्सा मागता येतो का?

प्रश्न मुद्दाम असा रचला आहे. १९९२, १९९९ आणि २००१ या तीन तारखा तीन वेगवेगळ्या कायद्यांना भिडतात. कोणत्या तारखेला कायदा काय होता हे शोधता आले, तर निम्मे संशोधन आले.

४ जून

सुरुवात कॅटलॉगपासून. कोहात (ग्रंथालयाच्या कॅटलॉग-प्रणालीत) 'हिंदू वारसा' असे देवनागरीत टाकले तर एक यादी येते आणि रोमन लिपीत टाकले तर दुसरी. जुन्या मराठी पुस्तकांची शीर्षके रोमनमध्ये नोंदलेली आहेत, नवी देवनागरीत. दोन्ही लिप्यांत शोध घ्यायचा ही सूचना पहिल्या पानावर ठळक छापायची.

शब्दांचाही घोळ आहे. अधिकृत मराठीत 'हिंदू उत्तराधिकार अधिनियम', बोलण्यात 'हिंदू वारसा कायदा'. सहदायिक, सहदायाद, समाईक हिस्सेदार, एकत्र कुटुंबातला वाटेकरी, हे सगळे एकाच माणसासाठी वापरलेले दिसतात. इंग्रजीत कोपार्सनर हा शब्द मध्ये जोडरेघ घालून आणि न घालता, दोन्ही तऱ्हांनी छापतात. इंग्रजी 'कोपार्सनर'ची शेवटची दोन अक्षरे तोडून पुढे तारका लावली तर कोपार्सनर आणि कोपार्सनरी दोन्ही सापडतात, पण जोडरेघेचे रूप निसटते. ते वेगळे शोधावे लागते.

कपाटावरची जागा: ड्यूई वर्गीकरणात भारतातला खासगी कायदा ३४६.५४ खाली येतो. वारसा आणि कुटुंब हे दोन विषय तिथे वेगवेगळ्या उपक्रमांकांवर पडतात, त्यामुळे हिंदू कायद्याची पुस्तके एका फळीवर मिळत नाहीत. एक पुस्तक सापडले की त्याच्या शेजारचे पाहावे, आणि मग कॅटलॉगमध्ये त्या पुस्तकाच्या विषयशीर्षकावर टिचकी मारून दुसऱ्या फळीवर जावे.

९ जून

मूळ कायदा. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ चा अधिनियम क्रमांक ३०, अंमल १७ जून १९५६ पासून. कलम ६ हाच आपला गाभा. इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर कलम ६ उघडले की २००५ नंतरचे रूप दिसते: मुलगी जन्मानेच सहदायिक, मुलाइतकेच हक्क, मुलाइतकीच दायित्वे. आजच्या प्रश्नाला ते पुरते. आपल्या प्रश्नाला पुरत नाही, कारण वडील २००१ मध्ये वारले. त्या दिवशी पुस्तकात कोणते कलम होते?

त्यासाठी २००५ पूर्वी छापलेला बेअर ॲक्ट (भाष्याविना नुसता कायद्याचा मजकूर) लागतो. ग्रंथालयात अशी प्रत होती, पण 'जुनी आवृत्ती' म्हणून ती रद्दीच्या यादीत गेली होती. ती परत फळीवर आणली. जुन्या आवृत्त्या बाद करण्याची सवय विधी ग्रंथालयात घातक आहे. कायद्याच्या पुस्तकाची जुनी आवृत्ती म्हणजे त्या वर्षीच्या कायद्याचे छायाचित्र असते. मुल्लांच्या 'हिंदू लॉ' या ग्रंथाची २००५ पूर्वीची एक तरी आवृत्ती 'बाहेर देऊ नये' असा शिक्का मारून ठेवायची असे ठरले.

जुन्या कलम ६ मध्ये परंतुक (कलमाला जोडलेला अपवाद) आणि स्पष्टीकरण १ महत्त्वाचे. सहदायिक मरण पावला आणि त्याच्या मागे पहिल्या वर्गातली स्त्री वारस असेल (मुलगी त्यात येतेच), तर त्याचा हिस्सा उत्तराधिकाराने जातो. तो हिस्सा किती हे ठरवण्यासाठी मृत्यूच्या अगदी आधी वाटणी झाली असे मानायचे. ही मानीव वाटणी. गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई (१९७८) ३ एससीसी ३८३ (एससीसी म्हणजे 'सुप्रीम कोर्ट केसेस' हा निवाडासंग्रह) या निवाड्याशिवाय स्पष्टीकरण १ समजत नाही, म्हणून तो निवाडा मार्गदर्शिकेत कलमाच्या बाजूलाच ठेवायचा.

१० जून

राज्य दुरुस्ती. इथे बहुतेक जण चुकतात, कारण केंद्राचा अधिनियम वाचून झाला की काम संपले असे वाटते.

महाराष्ट्राने १९९४ मध्येच कलम २९-अ घालून मुलीला सहदायिक केले, अंमल २२ जून १९९४ पासून. मात्र त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलीला वगळले. आपल्या प्रश्नातल्या मुलीचे लग्न १९९२ चे, म्हणजे १९९४ च्या दुरुस्तीने तिला काहीही मिळाले नाही. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीत लग्नाची अट नाही.

एक योगायोग टिपून ठेवला, कारण तो फसवतो. महाराष्ट्राचा दुरुस्ती अधिनियम १९९४ चा ३९ आणि केंद्राचा दुरुस्ती अधिनियम २००५ चा ३९. दोन्ही ३९, दोन्ही कलम ६ च्या विषयाचे. नुसते 'ॲक्ट ३९' लिहिलेली तळटीप पाहून चुकीच्या कायद्यावर जाणे अगदी सहज घडते. तळटिपेत वर्ष आणि विधानमंडळ दोन्ही लिहायचे.

राज्याचा कायदा राजपत्रात शोधताना: मराठी पाठ भाग चारमध्ये, इंग्रजी अनुवाद भाग आठमध्ये. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८(३) नुसार राज्यपालांच्या प्राधिकाराने प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवाद हा प्राधिकृत इंग्रजी पाठ मानला जातो, त्यामुळे उच्च न्यायालयातल्या लेखनात त्याचाच हवाला दिसतो. केंद्राचे अधिनियम भारताच्या राजपत्रात भाग दोन, विभाग १ मध्ये आणि विधेयके विभाग २ मध्ये असतात.

१२ जून

'हा कायदा तर निरसित (रद्द) झालाय' अशी शंका चाचणीला बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी दोघांनी एकाच दिवशी आणली. कारण खरे आहे: निरसन व सुधारणा अधिनियम, २०१५ (२०१५ चा १७) याच्या अनुसूचीत २००५ चा दुरुस्ती अधिनियम आहे. शोधात त्यापुढे 'निरसित' दिसते आणि मुलीचा हक्कच गेला असे वाटते.

तसे नाही. दुरुस्ती अधिनियमाचे काम मूळ अधिनियमाच्या मजकुरात बदल घालणे एवढेच असते. तो बदल एकदा शिरला की दुरुस्ती अधिनियम रिकामे कवच उरतो, आणि अशी कवचे संसद वेळोवेळी झाडून टाकते. साधारण खंड अधिनियम, १८९७ चे कलम ६-अ सांगते की दुरुस्ती करणारा कायदा निरसित झाला तरी केलेली दुरुस्ती टिकते. २०१५ नंतर काही वादांत हा मुद्दा न्यायालयांपुढेही आला. मार्गदर्शिकेत यासाठी स्वतंत्र चौकट करायची. कोणत्याही दुरुस्ती अधिनियमापुढे 'निरसित' दिसले की आधी मूळ अधिनियमाचे आजचे कलम उघडून पाहायचे, मग घाबरायचे.

१७ जून

आज सगळा दिवस एका तारखेवर गेला आणि तो सार्थकी लागला. कलम ६ म्हणते, २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली वाटणी किंवा विल्हेवाट या दुरुस्तीने बाधित होणार नाही. कायदा तर ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आला. मग नऊ महिने आधीची ही तारीख कुठून आली?

याचे उत्तर अधिनियमात नाही. वाट अशी: आधी विधेयक (राजपत्र भाग दोन, विभाग २), मग राज्यसभेचे कामकाज. २० डिसेंबर २००४ हा राज्यसभेत विधेयक मांडल्याचा दिवस. विधेयक मांडले गेल्याचे कळताच घाईघाईने वाटण्या करून मुलींना बाहेर ठेवता येऊ नये, म्हणून तो दिवस ही सीमा. पुढचा प्रवास: राज्यसभेत मंजुरी १६ ऑगस्ट २००५, लोकसभेत २९ ऑगस्ट, राष्ट्रपतींची संमती ५ सप्टेंबर.

संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात चर्चा दिवसवार मिळतात. अधिनियमाच्या नावाने शोधले तर बरीच उत्तरे भलतीच येतात, तारखेने शोधावे. म्हणजे आधी विधेयक मांडल्याची आणि मंजुरीची तारीख काढायची, मग त्या दिवसाचे कामकाज उघडायचे. सोबत उद्देश व कारणांचे निवेदन, स्थायी समितीचा अहवाल आणि विधी आयोगाचा १७४ वा अहवाल (मे २०००) वाचायचा. आयोगाच्या अहवालात आंध्र, तमिळनाडू, महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या दुरुस्त्या शेजारीशेजारी ठेवून तपासल्या आहेत. राज्यांची तुलना करणाऱ्याचे आठवड्याचे काम तिथे तयार आहे. त्याहून मागे जायचे असेल तर राव समिती आणि हिंदू कोड बिलावरच्या चर्चा आहेत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची भाषणेही त्यातच. पण ते या प्रश्नाच्या बाहेरचे.

२० जून

निवाडे. ग्रंथालयाच्या वर्गणीतले संग्रह (एससीसी ऑनलाइन, मनुपात्र) आणि मोफत दारे (ई-एससीआर, ई-कोर्ट्सचे निवाडे पोर्टल, इंडियन कानून) दोन्ही वापरून पाहिली. ई-एससीआर २ जानेवारी २०२३ रोजी सुरू झाले आणि सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत रिपोर्ट मोफत झाले. त्यामुळे आता निदान सर्वोच्च न्यायालयासाठी वर्गणी नाही म्हणून कोणी अडू नये.

साखळी अशी सापडली. मुंबई उच्च न्यायालयाचे पूर्ण पीठ, बद्रीनारायण भंडारी विरुद्ध ओमप्रकाश भंडारी, एआयआर (ऑल इंडिया रिपोर्टर) २०१४ बॉम्बे १५१: मुलगी १९५६ पूर्वी जन्मलेली असो वा नंतर, ९ सप्टेंबर २००५ रोजी ती हयात असली की पुरे. मग सर्वोच्च न्यायालय, प्रकाश विरुद्ध फुलवती (२०१६) २ एससीसी ३६: त्या तारखेला वडीलही हयात हवेत. मग दानम्मा विरुद्ध अमर (२०१८) ३ एससीसी ३४३: वडील २००१ मध्ये वारलेले, तरी मुलींना हिस्सा. आणि शेवटी तीन न्यायमूर्तींचे पीठ, विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा (२०२०) ९ एससीसी १, ११ ऑगस्ट २०२०: हक्क जन्माने मिळतो, वडील २००५ मध्ये हयात असणे जरुरीचे नाही.

चाचणीत एका गटाने फुलवतीवर थांबून 'मुलीला हक्क नाही' असे उत्तर लिहिले. निवाडा खरा, मजकूर बरोबर, उत्तर चुकीचे. कारण २०२० मध्ये तो निवाडा उलटवला गेला. दुसऱ्या गटाने 'विनीता शर्मा' असेच शोधले आणि दिल्ली उच्च न्यायालयाचा २०१८ चा निर्णय उघडला. पक्षकार तेच, निकाल उलटा, कारण दिल्लीने फुलवतीच्या मागे जाऊन अपील फेटाळले होते आणि प्रकरण वर पाठवायला प्रमाणपत्र दिले होते. म्हणून निवाडा उघडताच पहिल्या पानावर तीन गोष्टी पाहायच्या: न्यायालय, तारीख, पीठातल्या न्यायमूर्तींची संख्या. आणि बंद करण्यापूर्वी 'हा निवाडा पुढे कुठे उद्धृत झाला' या दुव्यावर जाऊन सर्वांत नवे नाव पाहायचे. ही शेवटची पायरी गाळलेला शोध आम्ही अपूर्ण धरणार, गुणदानातही.

२३ जून

परिच्छेद क्रमांकांचा गोंधळ. विनीता शर्मामधले अंतिम उत्तर न्यायालयाच्या मूळ निवाड्यात परिच्छेद १२९ मध्ये आहे, एससीसीत १३७ मध्ये. दोन्ही बरोबर. एससीसीचे संपादक लांब परिच्छेद तोडून स्वतःचे क्रमांक देतात, आणि हे काम त्यांचे स्वतःचे आहे असे सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक (२००८) १ एससीसी १ मध्ये मान्य केले: निवाड्याचा मूळ मजकूर सर्वांचा, पण संपादकीय परिच्छेद-रचना, शीर्षटिपा (निवाड्याच्या वर छापलेला सारांश) वगैरे प्रकाशकाच्या.

विद्यार्थ्यांच्या हाती यातून दोन नियम येतात. ज्या रिपोर्टचा हवाला, त्याच रिपोर्टचा परिच्छेद. मोफत पोर्टलवरून वाचून एससीसीचा हवाला जोडला की परीक्षकाला भलतेच पान सापडते. आणि शीर्षटीप उद्धृत करायची नाही, ती न्यायालयाची नसते. प्रबंधात शीर्षटिपेचे वाक्य 'न्यायालय म्हणते' म्हणून आलेले पाहिले की वाईट वाटते, कारण खरे वाक्य तीनच परिच्छेद खाली असते.

नवे निवाडे असतील तर तटस्थ हवाला, म्हणजे न्यायालयाने स्वतः दिलेला क्रमांक, आधी द्यावा. मुंबई उच्च न्यायालयाचा तो वर्ष, मग 'बीएचसी', मग खंडपीठाचे लघुरूप आणि क्रमांक असा असतो; एएस म्हणजे अपील शाखा, ओएस म्हणजे मूळ शाखा, एयूजी औरंगाबाद, एनएजी नागपूर, गोव्यासाठी गोवा. रिपोर्ट कोणताही असो, हा हवाला बदलत नाही.

२६ जून

छापील रिपोर्ट. तोंडी वाटणीच्या मुद्द्याची मुळे एकोणिसाव्या शतकात जातात: अप्पोव्हिअर विरुद्ध राम सुब्बा अय्यन (१८६६) ११ मूर्स इंडियन अपील्स ७५. हिस्से ठरवल्याने कुटुंबाची एकत्र स्थिती तुटते, जमीन प्रत्यक्ष मोजून वेगळी केली नसली तरी. प्रिव्ही कौन्सिलचे (ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाचे) जुने निर्णय बेली या ब्रिटिश संकेतस्थळावर मोफत मिळतात, म्हणून छापील खंड झिजवण्याची गरज नाही.

बॉम्बे लॉ रिपोर्टर १८९९ पासून आहे. जुन्या हवाल्यात नुसता खंडक्रमांक असतो, वर्ष नसते. खंडक्रमांकात १८९८ मिळवले की वर्ष मिळते: खंड ५० म्हणजे १९४८. हा आकडा कपाटाच्या कडेला चिकटवला. एआयआर १९१४ पासूनचे. त्याच्या एकाच वर्षाच्या बांधणीत सर्वोच्च न्यायालय, मुंबई, मद्रास असे विभाग वेगळे असतात आणि प्रत्येक विभागाची पाने पुन्हा १ पासून सुरू होतात. 'एआयआर २०१४, पान १५१' एवढ्यावर खंड मागितला तर काहीही हाती लागत नाही. विभागाचे नाव हवेच.

छायाप्रत काढताना जाड बांधणीच्या खंडात आतल्या समासाकडची अक्षरे कापली जातात. खंड पूर्ण दाबू नये, पाठ फुटते. तो अर्धा उघडून एका वेळी एकच पान काढावे आणि पानाचा क्रमांक प्रतीत आला आहे का ते तिथेच पाहावे.

३० जून

लेख आणि प्रबंध. सर्वांत कमी वापरले जाणारे आणि सर्वांत उपयोगी साधन म्हणजे इंडियन लॉ इन्स्टिट्यूटचा वार्षिक विधी आढावा. त्यात हिंदू कायद्यावर स्वतंत्र प्रकरण असते. २०१५ ते २०२० चे आढावे ओळीने वाचले की फुलवती ते विनीता शर्मा हा सगळा वाद अभ्यासकांच्या टीकेसह समोर येतो. तिथूनच पुढच्या लेखांची नावे उचलावीत.

हाइनऑनलाइन या विधी-नियतकालिकांच्या संग्रहात दोन शब्द अवतरणचिन्हांत टाकून पुढे लाटेचे चिन्ह आणि आकडा दिला, तर ते शब्द तेवढ्या अंतरात जिथे आले तेवढेच लेख येतात. 'मुलगी' आणि 'सहदायिक' यांच्या इंग्रजी रूपांसाठी १५ चे अंतर नेमके बसले. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात प्रबंध आहेत, पण प्रबंधाचे वर्ष पाहूनच वाचावा: २०१७ चा प्रबंध फुलवतीला अंतिम मानतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

१ जानेवारी २०२५ पासून 'एक राष्ट्र एक वर्गणी' सुरू झाली, तेव्हापासून 'आता सगळे मोफत झाले ना?' हा प्रश्न काउंटरवर रोज येतो. ती योजना नियतकालिकांसाठी आहे. निवाड्यांचे संग्रह ग्रंथालय वेगळ्या वर्गणीने घेते, आणि त्यांत एका वेळी किती जणांना प्रवेश मिळेल यालाही मर्यादा असू शकते. काम झाले की नुसती खिडकी बंद करू नये, बाहेर पडण्याचे बटण दाबावे, नाहीतर पुढच्याची जागा अडून राहते. एका फटक्यात शंभर निवाडे उतरवून घेऊ नयेत. अशाने सगळ्या विद्यापीठाचा प्रवेश थांबवला जाऊ शकतो.

४ जुलै

गोव्यातल्या विद्यार्थिनीने हाच प्रश्न मडगावच्या कुटुंबासाठी विचारला आणि आमची सारी वाट तिथे निरुपयोगी ठरली. गोव्यात वारसा पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेतून आला आहे आणि आज तो २०१२ च्या गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही अधिनियमाने चालतो, जो २०१६ मध्ये अमलात आला. सर्वोच्च न्यायालयाचा होझे पाउलो कुटिन्हो (२०१९) २० एससीसी ८५ हा निवाडा सुरुवातीला ठेवायचा. मार्गदर्शिकेच्या पहिल्याच पानावर प्रश्न छापला: कुटुंब कुठले, जमीन कुठे? उत्तर गोवा असेल तर शेवटच्या पानावर जा.

७ जुलै

चाचणी प्रश्नाचे उत्तर, हवाल्यांसह. १९९४ च्या दुरुस्तीने १९९२ मध्ये लग्न झालेल्या मुलीला वगळले. २००५ च्या कलम ६ ने तिला जन्मापासून सहदायिक केले. वडील २००१ मध्ये वारले याने ते अडत नाही (विनीता शर्मा). २००१ ची मानीव वाटणी ही फक्त हिस्सा मोजण्यापुरती, तिने सहदायिकी प्रत्यक्षात संपत नाही. उरते १९९९ ची तोंडी वाटणी. कलम ६(५) च्या स्पष्टीकरणाप्रमाणे वाटणी म्हणजे नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली. तोंडी वाटणीचा बचाव न्यायालय अपवाद म्हणून, सार्वजनिक दस्तऐवजांचा आधार असेल तरच पाहते.

त्यामुळे शोध ग्रंथालयात संपत नाही. १९९९ ते २००४ चे फेरफार, सात-बारा उतारे, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटपाचा अर्ज तहसीलदारांकडे झाला होता का, हे तलाठी आणि तहसील कार्यालयात पाहायचे. आपल्या प्रश्नात फेरफारच नाही, म्हणून भावांचा बचाव कमजोर.

मार्गदर्शिकेच्या मागच्या पानावर नोंदतक्ता छापायला दिला. रकाने पाच: कुठे शोधले, कोणत्या शब्दाने, कोणत्या तारखेला, काय सापडले, पुढे उलटले का. पाचवा रकाना सर्वांत रुंद ठेवला आहे.